तिळीचे माहेर

उन्हाळा सुरू झाल्याचे मला कॅलेंडर सांगत नाही, कोंबडी सांगते. एखाद्या दुपारी ती चालता चालता थांबते, चोच अर्धवट उघडते, पंख अंगापासून किंचित सुटे धरते आणि गळ्याची कातडी भराभर हलवू लागते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. अंगातली उष्णता तिला मुख्यतः श्वासावाटे बाहेर टाकावी लागते. हे मी पुस्तकात वाचले ते कॉलेजात, पण तो उघड्या चोचीचा, जरासा चकित चेहरा त्याआधी कितीतरी उन्हाळे माझ्या अंगणात वावरत होता. परवा पुण्यात, आमच्या प्रयोगशाळेच्या आवारात, पहारेकऱ्याने पाळलेल्या कोंबडीने माझ्यासमोर तशीच चोच उघडली. कुंपणाजवळच्या कडुनिंबाचा मोहर तिच्या पाठीवर सांडला होता. आत जायला उशीर होत होता, तरी मी उभी राहिले. तो उन्हाळा परत आला होता.

तो, म्हणजे पदवीची शेवटची परीक्षा देऊन मी घरी आले तो. नव्वदचे दशक सरत आले होते. शिरूर तालुक्यात, पाबळच्या अलीकडे आमची वस्ती. निकाल लागायचा होता, एम. एस्सी.चा प्रवेश ठरायचा होता, आणि सूक्ष्मजीवशास्त्र नुकतेच शिकलेल्या मुलीला असते ती घाई मला पुरेपूर होती: जे शिकले ते कुठेतरी लावून पाहण्याची. लावून पाहायला समोर कोंबड्या होत्या. कारण आमच्याकडे उन्हाळ्याबरोबर मानमोडी येई. पुस्तकात तिचे नाव राणीखेत. कोंबडी पेंगू लागते, पंख लोंबतात, विष्ठा हिरवट होते, आणि शेवटी पिळलेल्या फडक्यासारखी मान एका बाजूला वळते. मग खुराड्यात शांतता. बायकांनी हे उन्हासारखेच धरून चालले होते. यायचे तेव्हा येणार, न्यायच्या तेवढ्या नेणार, आणि पावसाळ्यात पुन्हा कुणाकडून तरी चार पिल्ले आणायची. या समजुतीला माझा आक्षेप होता. या रोगावर लस होती, ती तालुक्याच्या गावी मिळत होती, आणि लस असलेल्या रोगाने दर वर्षी खुराडी रिकामी होणे मला अपमानासारखे वाटत होते.

शिकवायचे कुठे, हा प्रश्न विजेने सोडवला. वस्तीवर पिठाची गिरणी एकच, सुमनवहिनींची. त्यांचे यजमान कोरेगाव भीमाला कारखान्यात शिफ्टला जात. गिरणी वहिनी एकट्या चालवत. दळण घेऊन आलेल्या बायका बाहेरच्या कडुनिंबाखाली डब्यांची रांग लावून बसत आणि दुपारी हमखास वीज जाई. पट्ट्याचा फटफटाट थांबला की कान मोकळे होत, आणि दळण अर्धवट टाकून कुणाला घरी जाता येत नसे. बाकी सगळ्या वीज यावी म्हणून वाट पाहत. मी ती जावी म्हणून.

"गेली लाइट. चला मास्तरीणबाई, घंटा झाली," असे म्हणत सुमनवहिनी पत्र्याच्या डब्यावर मापटे वाजवत. त्यांच्या भुवयांवर पीठ असे आणि त्यामुळे त्या चेष्टा करतानाही वयस्क, आदरणीय दिसत.

त्या वर्गात शिकवणे आणि गप्पा यांच्यात भिंत नव्हती. मी पिल्लांच्या पाण्याचे भांडे रोज घासायला सांगे, आणि उत्तरादाखल कुणीतरी सांगे की तिची कोंबडी उभ्या ट्रॅक्टरच्या सीटवरच अंडे घालते, आणि ट्रॅक्टर रानात गेला असेल तर संध्याकाळपर्यंत अंडे पोटात धरून बसते. एकीच्या घरी गोधड्यांच्या चळतीत अंडी सापडत. पाहुणा मुक्कामाला आला तरी त्याने गोधडी झटकायची नाही, हा त्या घरचा नियम होता. सुमनवहिनींच्या कोंबड्याचे एसटीशी वैर होते. मुक्कामाची गाडी थांब्यावर आली की तो तिच्यापुढे जाऊन मान फुगवून उभा राही, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा कंटाळा करून खाली उतरे. पुठ्ठ्याच्या नळीतून उन्हाच्या कवडशाला अंडे धरून आतल्या लालसर शिरा मी दाखवल्या, तेव्हा मात्र सगळ्या नळीभोवती गोळा झाल्या. "सोनोग्राफीच की," कुणीतरी हळूच म्हणाले.

खुडूक कोंबडी उठवायची कशी, यावर तर आठवडाभर वाद चालला. एकीचे मत पाण्यात बुडवावी, दुसरीचे पायाला चिंधी बांधावी. मी म्हटले की पोटाखालची ऊब गेली की तिची बसण्याची ओढ कमी होते, म्हणून पाण्याचा उपाय चालतो. चिंधीचा चालण्याचे कारण नाही.

"मग माझी चिंधीनं कशी उठली?"

"भिऊन," सुमनवहिनी म्हणाल्या. "तुझं लुगडं बघून आमची बैलं उठत्यात, तशी."

यमुनाकाकी या सगळ्यांच्या मागे, गिरणीच्या भिंतीला टेकून बसत. मेंढपाळांच्या घरातली सून. त्यांचे सासरे आप्पा तरुणपणी मेंढरे घेऊन पार कोकणाच्या तोंडापर्यंत फिरलेले. आता विहिरीच्या पाण्यावर कांदा करत होते. काकी फार बोलत नसत. बोलल्या तर तिळीविषयी. काळ्याभोर पिसांवर तिळाएवढे पांढरे ठिपके असलेली कोंबडी ती तिळी. तिची आई तिळी, आजीही तिळी. काकींच्या आईने दोन्ही मुलींना सासरी पाठवताना एकेक तिळी दिली होती. थोरल्या यमुनेची आमच्याकडे आली, धाकट्या रखमेची दौंडकडे, भांडगावला गेली. मानमोडीने खुराडे साफ केले की काकी माहेरी जात आणि आईकडून नवी तिळी घेऊन येत. कोंबडी संपे, वाण संपत नसे. पण त्या वर्षी आई राहिली नव्हती, तिच्या कोंबड्या तिच्याआधीच संपल्या होत्या, आणि भावांनी पुन्हा पाळल्या नव्हत्या. इकडे काकींकडे एक तिळी उरली होती, आणि ती अंड्यांवर बसली होती.

"ही गेली तर आणू कुठनं, वैशाली?" एकदा दळण डोक्यावर घेताना काकींनी विचारले. "आईचं समदं भावांनी वाटून घेतलं. ही एवढी कोंबडी माझी."

मला त्या क्षणी लसीची मात्रा आठवत होती. आता मात्र ते वाक्य आठवते.

नदीकडच्या गावांत कोंबड्या पेंगू लागल्याची बातमी आली तेव्हा आमच्या बायका नेहमीच्या कामाला लागल्या. ते काम इतके सरावाचे होते की त्याकडे काम म्हणून कुणी पाहतच नव्हते. खुराड्यातल्या चांगल्या दोन-चार कोंबड्या निवडायच्या, पाटीत घालायच्या, वर जुन्या लुगड्याचे फडके बांधायचे, आणि माहेरच्या दिशेने जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाटी सोपवायची. "जीव वाचंल बिचाऱ्यांचा," म्हणायचे. "चार दिवस माहेरपण करून येतील."

मी त्या दुपारी वीज गेल्याबरोबर गिरणीपुढच्या मातीत ज्वारीचे दाणे मांडले. इथे आपली वस्ती, इथे पाबळ, हा कोरेगाव भीमाचा पूल. मग विचारत गेले: गेल्या उन्हाळ्यात आधी कुठल्या गावात मेल्या, नंतर कुठल्या? बायकांची आठवण पक्की होती. दाण्यांच्या ढिगाऱ्यांमधून मी काडीने रेघा ओढल्या आणि चक्रावले. रस्त्याने जाणारा रोग रस्त्यावरची गावे ओळीने गाठील. वाऱ्याने जाणारा आधी शेजाऱ्याला धरील. हा तसा चालत नव्हता. मधली गावे सोडून तो थेट लांबच्या एका वस्तीवर उतरत होता, आणि तिथून तिसरीकडेच. मी एका दाण्यावर काडी ठेवून विचारले, इतक्या लांब तो गेलाच कसा?

"ते माझं माहेर हाय," एकजण म्हणाली.

मी काडी पुढच्या दाण्यावर नेली.

"ते माझं," दुसरी म्हणाली, आणि तिचा आवाज उतरला होता.

तिसऱ्या दाण्यापाशी मी विचारलेच नाही. विचारायची गरज उरली नव्हती. मातीत जो नकाशा उमटला होता तो रोगाचा नव्हताच. तो लग्नांचा होता.

"म्हंजी आम्हीच नेली व्हय मानमोडी माहेराला?" यमुनाकाकी भिंतीपासून पुढे सरकल्या होत्या. "गेल्या साली म्या दोन धाडल्या होत्या आईकडं. चांगल्या हिंडत्या-फिरत्या. त्या गेल्या, आन् मागनं तिच्या समद्या गेल्या."

निष्कर्ष म्हणून जे वाक्य मला चमकदार वाटत होते, ते आता बाईच्या तोंडून आरोप होऊन माझ्यापुढे आले होते. मी सांगितले की कोंबडी पेंगायच्या आधीच रोग तिच्या अंगात असतो, वरून दिसत नाही. त्यांनी रोग पाठवला नव्हता, जीव वाचवायला कोंबडी पाठवली होती. हे खरे होते. तरी कुणी वर पाहिले नाही. एवढ्यात सुमनवहिनींचा कोंबडा संथ पावलांनी आला, त्याने आधी पाबळ टिपले, मग कोरेगाव भीमा, आणि मान वर करून गिळले.

"घ्या. रोग माझ्या कोंबड्यानं खाल्ला. आता कशाला औषध?" वहिनी म्हणाल्या, पण कुणी हसले नाही.

आप्पा बाजरीचे दळण घेऊन कट्ट्यावर बसले होते. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मेंढरात रोग शिरला तर आम्ही आपला वाडा, मेंढरं-बिऱ्हाडासकट, उचलून लांब रानात एकटाच बसवायचो," ते म्हणाले. "वाटंनं दुसरा वाडा आला तर हाळी द्यायचो, लांबनं जावा म्हणून. मेंढरं कवा माहेराला धाडली न्हाईत बाबा आम्ही."

"मेंढरं गड्याची, आप्पा," सुमनवहिनींनी लगेच उत्तर दिले. "त्यास्नी कुठनं आलं माहेर?"

तेव्हा हशा झाला. आधी पाठीमागून, मग सगळीकडून, आणि त्या हशातच ठरले. आमच्या वस्तीवरून एकही कोंबडी बाहेर जाणार नाही, बाहेरून एकही आत येणार नाही, आणि सगळ्या घरांच्या सगळ्या कोंबड्यांना एकाच सकाळी लस. एकाच सकाळी, कारण कुपीतली पूड एकदा पाण्यात कालवली की ती थोड्या वेळातच वापरून संपवावी लागते, आणि एका कुपीत एका घराला पुरून उरेल इतकी लस असते. ही लस एकट्या माणसाला परवडत नाही. ती गावालाच द्यावी लागते. पुढे संसर्गशास्त्रात हेच तत्त्व मी मोठ्या शब्दांत शिकले, तेव्हा मला गिरणीपुढची माती आठवली होती.

आज माझ्या कामाच्या जागी शीतकपाटांच्या रांगा आहेत आणि तापमान दोन अंशांनी चढले तर घंटा वाजते. त्या वर्षी आमची शीतसाखळी सायकलवर होती. तालुक्यातून वस्तीपर्यंत लस बर्फात आणायची, आणि भर उन्हाळ्यात ज्याच्याकडे बर्फ टिकतो असा माणूस आमच्या वाटेवर एकच होता: गारीगारवाला. उत्तर प्रदेशातून कामासाठी आलेला हा भैया शिरूरहून भल्या पहाटे निघून गावोगाव फिरे. मी जनावरांच्या दवाखान्यातून घेतलेल्या कुप्या पिशवीत गुंडाळून त्याच्या पेटीत ठेवायला दिल्या.

"बहनजी, बच्चा लोग पूछेगा, इसमें क्या है, तो?"

"सांगा, मुर्गी का गारीगार."

त्याने हे इतके मनावर घेतले की पुढे कितीतरी दिवस मुले त्याला कोंबडीचे गारीगार मागत.

कोंबड्या मोकळ्या सोडण्याआधीची ती सकाळ अजून माझ्या हातांना आठवते. डालग्याखाली हात घालायचा, पंखांसकट कोंबडी धरायची, डोके आडवे करायचे, डोळ्यात एक थेंब. थेंब पडून पापणी मिटली की झाले. उबदार पिसांचा आंबूस वास, बोटांखाली धडधडणारे इवलेसे काळीज, आणि घराघरांतून बायकांचे मोजके आवाज: "धर नीट. सोड आता. पुढची." सुमनवहिनींच्या कोंबड्याला धरायला तिघीजणी लागल्या. तिळी अंड्यांवर फुगून बसली होती. काकींनी तिचे डोके दोन बोटांत धरले, मी थेंब टाकला, आणि तिने माझ्या मनगटावर जी चोच मारली तिचा पांढुरका ठिपका आजही आहे. अगदी तिळाएवढा.

पण थेंब पडला म्हणजे चिलखत चढले असे नसते. अंगात प्रतिकारशक्ती उभी राहायला आठवडा, दहा दिवस जावे लागतात. त्या दिवसांत बाहेरून एक जरी आजारी कोंबडी आत आली, तर सगळे मुसळ केरात. आम्ही हे घोकत होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत दुपारच्या एसटीने भांडगावच्या रखमामावशी उतरल्या. डोक्यावर पाटी होती, पाटीवर जुन्या लुगड्याचे फडके, आणि फडक्याच्या फटीतून एक काळी मान बाहेर आली होती. पांढऱ्या ठिपक्यांची.

यमुनाकाकी आणि मी थांब्याजवळच होतो. मावशी दमल्या होत्या, पण चेहरा उजळला होता.

"भांडगावात मानमोडी आली, यमे. म्हटलं आई तर न्हाई, आता माझं माहेर तूच. उतरून घे की पाटी, माझी मान मोडली."

काकींनी हात पुढे केला नाही. "रखमे, पाटी तितंच ठेव."

"काय झालं?"

"आत न्यायाची न्हाई."

मावशींनी माझ्याकडे पाहिले. वस्तीवरच्या कॉलेजवाल्या पोरीची कीर्ती भांडगावपर्यंत पोहोचली असावी. "हिनं सांगितलं व्हय?"

"मी सांगते."

"आई असती तर तिनं मला अशी येशीवर उभी केली नसती, यमे."

"आईनं माझ्या घेतल्या होत्या," काकी म्हणाल्या. "म्हणूनच तिच्या गेल्या."

मी समजावून सांगण्यासाठी मनात तीन मुद्दे जुळवले होते. त्यांतला एकही मला वापरावा लागला नाही.

रखमामावशी मात्र हट्टी निघाल्या. कोंबड्या बाहेर राहणार असतील तर आपणही बाहेरच, असे म्हणून त्या पाटी घेऊन आप्पांच्या रानातल्या खोपटात जाऊन बसल्या. वस्ती आणि खोपटे यांच्यामध्ये कांद्याचे मोकळे झालेले वावर आणि एक उंच बांध. पलीकडे गेलेल्या माणसाने हातपाय धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय खुराड्याकडे फिरकायचे नाही, इतकाच माझा नियम होता. बहिणींनी त्याचा सोहळा केला. काकी बांधावरच्या दगडावर भाकरीचे फडके ठेवून मागे सरत, मग मावशी पुढे येऊन ते उचलत, आणि मग दोघी आपापल्या बाजूला उन्हात बसून मोठमोठ्याने बोलत.

"चटणी करपवलीस व्हय गं?"

"खा गुमान. बांधावरचा पाहुणचार हाय, असाच मिळायचा."

"आईच्या हातची चव काय तुला आली न्हाई."

"तुला तरी कुठं आलीया? तुझा नवरा जेवायला हॉटेलात जातो, समद्या भांडगावाला ठावं हाय."

मी अलीकडच्या कडुनिंबाखालून ते ऐकत असे आणि मनात दिवस मोजत असे. लसीचे दिवस आणि रोगाचे दिवस समोरासमोर धावत होते. दोन-तीन दिवसांनी, दुपारची भाकरी ठेवून काकी मागे सरल्या, पण खोपटातून कुणी पुढे आले नाही. काकींनी हाक मारली. मावशी दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"यमे, थोरल्या तिळीनं मान टाकली."

काकींनी बांधावर पाय ठेवला. कोरडी ढेकळे त्यांच्या टाचेखाली फुटल्याचा आवाज मला इकडे ऐकू आला. दुसरा पाय उचलायचाच होता.

"येऊ नगंस," पलीकडून मावशी म्हणाल्या. "हितं आलीस तर घरची बी जाईल. एक तर ऱ्हाऊ दे."

काकींचा पाय बांधावर तसाच राहिला, आणि मग मागे आला.

मावशींच्या सगळ्या कोंबड्या गेल्या. त्यांनी त्या खोल खड्ड्यात चुना घालून पुरल्या, पाटी जाळली, आप्पांनी लांबून ठेवलेल्या बादलीने अंघोळ केली, लुगडे बदलले. एवढे झाल्यावर त्यांना घरी यायला माझी हरकत नव्हती. मी तसे सांगितलेही. "नगं," त्या म्हणाल्या. "नखात कुठं काय ऱ्हायलं तर?" चहा त्यांनी बांधावरच घेतला, आणि संध्याकाळच्या एसटीने बहिणीच्या दारात पाऊल न टाकता त्या भांडगावला परत गेल्या. वस्तीवर येऊन बहिणीच्या घरात न जाता परतलेली पाहुणी आमच्या बायकांनी पहिल्यांदाच पाहिली. 

मग वाट पाहणे. रोज पहाटे मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐके. सुमनवहिनींचा कोंबडा आरवला की पहिला अहवाल मिळे. मग आमचा, मग आप्पांकडचा. त्या आरवण्यात मला इतके संगीत पूर्वी कधी ऐकू आले नव्हते. आजूबाजूच्या गावांतून रिकाम्या खुराड्यांच्या बातम्या येत होत्या. आमच्याकडे रोज सकाळी डालगी उचलली जात आणि खालून कोंबड्या तक्रार करत, पाय झाडत, भुकेने वेड्या होऊन बाहेर पडत. एका वस्तीवरून, एका उन्हाळ्यावरून नियम काढू नये, असे मला शिकवले आहे आणि मी ते आज इतरांना शिकवते. पण त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर एकाही कोंबडीची मान वाकडी झाली नाही, हे विधान आहे तसे लिहिण्याचा मला पूर्ण हक्क आहे, आणि ते लिहिताना माझी स्वतःची मान थोडी वर जाते, हेही मी नाकारत नाही.

मृग लागायच्या आधी काकींचा निरोप आला, बघायला ये. तिळीच्या पोटाखालून चिवचिव येत होती. सगळी अंडी फुटली नव्हती. जी फुटली त्यांतली बहुतेक पिल्ले काळी होती, पोटाशी पिवळट. ठिपके नव्हते.

"तीळ कुठं हायत?" आप्पांनी वाकून विचारले.

"मागनं येत्यात," काकी म्हणाल्या. "पिसं फुटली की. तुमच्या नातवाला तरी जन्मतः मिशा हुत्या व्हय?"

पिल्ले आठवड्याची झाली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकून मी पुण्याला गेले. निकाल चांगला लागला होता, प्रवेश मिळाला होता. थेंब टाकायचे काम आता सुमनवहिनी करत. त्यांचा हात माझ्याहून स्थिर आहे, आणि तिघींनी धरावा लागणारा त्यांचा कोंबडा त्यांना एकटीला वश होता असे नंतर कळले. त्या पहिल्या सकाळी त्यांनी मुद्दामच मजा पाहिली होती.

पाऊस ओसरल्यावर मी सुट्टीला आले, तेव्हा काकी माझ्यासाठीच थांबल्या होत्या. काळ्या पिल्लांच्या आता तलंगा झाल्या होत्या, अंड्यावर यायला टेकलेल्या, आणि प्रत्येकीच्या काळ्या पिसांवर तीळ फुटले होते. त्यांतल्या तीन काकींनी पाटीत घातल्या. त्यांना पुन्हा लस दिली होती, महिनाभर त्यांच्या आसपास कुठे रोग नव्हता, हे सगळे मी दोनदा तपासले. मग शिक्रापुरावरून न्हावरा, भीमेवरचा पूल, चौफुला, आणि सोलापूर रस्त्यावर भांडगाव. पाटी काकींच्या मांडीवर होती. भरल्या उसाचा वास खिडकीतून येत होता. काकी वाटभर फडक्याची गाठ चाचपत होत्या.

रस्त्याकडेच्या थांब्यावर उतरून आम्ही आत वळलो. पुढे, गावात शिरायच्या जागी, रखमामावशी आणखी चार-पाच बायकांबरोबर उभ्या होत्या. काकींनी पाऊल उचलले.

"थांब तितंच, यमे."

काकी थांबल्या. "अगं, मी हाय."

"तू हायस ते दिसतंय. पाटीत कोण हाय?"

"आईच्या तिळी. तुझ्यासाठनं आणल्यात."

मावशींचे ओठ जरा हलले, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. "डोळ्यात थेंब पडल्यात का त्यांच्या?"

"पडल्यात. दोनदा."

"कुणी टाकलं?"

काकींनी माझ्याकडे बोट केले. मावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. "आन् ही कुठनं आली? पुण्यावरनं? मग हिच्या डोळ्यात कुणी टाकलं?"

बायका खळखळून हसल्या. त्या हसण्यातून मला हळूहळू कळत गेले. भांडगावातही आता लाइट गेली की वर्ग भरत होता. लसीची कुपी रस्त्यावरच्या हॉटेलाच्या फ्रीजमध्ये, थंड पेयांच्या बाटल्यांच्या मागे, मालकाला दम देऊन ठेवलेली होती. मी भांडगावात कधी एक शब्द बोलले नव्हते. ज्या वाटांनी मानमोडी जात होती त्याच वाटांनी, लेकींच्या आणि बहिणींच्या तोंडून, तिचे औषध गेले होते, आणि माझ्याहून पुष्कळ वेगाने गेले होते.

"तर असं हाय," मावशी म्हणाल्या. "नवी कोंबडी आधी आठ दिवस त्या रानातल्या खोपटात. मग माहेर. आमच्या गावचा नियम हाय, तुझ्यासाठनं मोडायची न्हाई."

"मोडू नगंस," काकी म्हणाल्या. "मीबी तितंच बसते मग."

आणि त्या खरोखरच बसल्या. खोपटाजवळच्या बांधावर पदर सावरून, पाटी शेजारी ठेवून, एखाद्या मानाच्या पाहुणीसारख्या. चहा तिथेच आला. रखमामावशींनी कपबशी दगडावर ठेवली आणि नियमाप्रमाणे मागे सरल्या. पण दोन पावलेच. मग तिथेच, बहिणीकडे पाहत, मातीत बसल्या.

"साखर कमी हाय गं," काकी म्हणाल्या.

"पी गुमान. बांधावरचा पाहुणचार हाय."

त्यांच्यामध्ये पाटी होती. फडक्याच्या फटीतून एका तलंगेने डोके बाहेर काढले, नव्या गावाचे ऊन एका डोळ्याने पाहिले, मग दुसऱ्याने. काळी मान, पांढऱ्या ठिपक्यांची. ताठ.